रिकामं घर

टेपचं टोक भिंतीला दाबून धरत हर्डीकरांनी खोली मोजली. सकाळपासूनचं हे चौथं घर; गुडघे कुरकुरत होते. बँकेला मूल्यांकनाचा अहवाल आजच हवा होता आणि गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्या शेठचं कर्ज त्यावरच अडलं होतं.

"घर रिकामं आहे असं लिहा," शेठ दारात कुजबुजला. "भाडेकरू दिसला तर किंमत निम्म्यावर येईल, कर्जही तेवढंच. एकदा घर नावावर झालं की म्हाताऱ्याला काढतोच."

हर्डीकरांनी मान डोलावली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. कागदावर त्यांनी आजवर अशी बरीच घरं रिकामी केली होती.

"आजोबा, बाहेर थांबा. साहेबांना आतला फोटो घ्यायचाय," शेठनं हाक दिली.

भाडेकरू म्हातारा लगबगीनं उठला. दोरीवरचं धोतर त्यानं काखेत मारलं, स्टोव्ह कॉटखाली सारला, देव्हाऱ्यावर टॉवेल टाकला. "आमच्या पसाऱ्यापायी मालकांच्या घराची किंमत कमी व्हायला नको," तो ओशाळून म्हणाला.

मोबाइल धरलेला हर्डीकरांचा हात खाली आला.

"आजोबा, देवांवरचा टॉवेल काढा. आणि इथे मधोमध उभे राहा."

"अहो साहेब!" शेठ पुढे सरसावला.

"घर आहे तसं दाखवायचं असतं, शेठ." हर्डीकर वळलेही नाहीत.

"फोटोला टोपी घालू का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"घाला की," हर्डीकर म्हणाले, आणि टोपी सरळ होईपर्यंत, काहीच घाई नसल्यासारखे, थांबून राहिले.