मर टाकायची जागा
सोमनाथच्या पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्यांना 'मर' म्हणत. खड्डा खणून पुरायचा त्याला कंटाळा, म्हणून रोज दिवेलागणीला पोतं उसाच्या कडेला उलटं करी. एका सकाळी वनरक्षकानं तिथं बिबट्याचे ठसे दाखवले. "मर पुरली तरी तो येणारच, भाऊ. सवय तुमी लावली. कुणाला काय झालं, तर केस तुमच्यावर." घाबरलेल्या सोमनाथनं पिसं, हाडं उचलून पुरली, जागा सपाट केली आणि चुना आणायला दुपारी मंचर गाठलं. परतताना तिथंच धूर दिसला. ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्या सपाट जागेवर एका बाईनं उसाच्या पाल्याची कोपी उभारून बाहेर झोळीत लेकरू निजवलं होतं. सोमनाथ ओरडत धावला, "आधी लेकरू उचला!" बाई हसली. "का वो मालक? जागा लई झ्याक केलीया तुमी." तिच्या मागं ऊस हलला. मर टाकायची वेळ झाली होती.