साहेबांचे नवे कान

‘ऐकायला शिका’ असं दोन दिवसांचं शिबिर करून मोठे साहेब परतले, ते जणू नवे कान बसवून आल्यासारखे. एरवी लिफ्टच्या मिस्त्रीनं तोंड उघडलं की ते “चालतेय ना? मग झालं” म्हणून मोकळे व्हायचे. आज त्यांनी त्याला सातव्या मजल्यावरच्या केबिनमध्ये समोर बसवलं, फोन खणात टाकला आणि पापणी न लववता ऐकलं.

“दाराचा खटका झिजलाय, साहेब. लिफ्ट मधेच अडकते. काल सफाईवाल्या मावशी दीड तास आत होत्या, पांढऱ्याफटक पडल्या. तुमची सही मिळाली की आत्ता बंद करतो.”

“म्हणजे खटका झिजलाय, लिफ्ट अडकते, मावशी घाबरल्या आणि तुम्हाला काळजी वाटते. बरोबर समजलो ना?”

मिस्त्रीला गहिवरून आलं. वीस वर्षांत त्याचं बोलणं कुणी असं शब्दन् शब्द झेललं नव्हतं. त्यानं लगबगीनं सहीचा कागद पुढे सरकवला.

“सही नाही हो,” साहेब मायेनं म्हणाले. “लगेच उपाय करायला धावायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं शिकवलंय आम्हाला.” मग घड्याळ बघून ते उठले आणि खालच्या मीटिंगसाठी तरातरा लिफ्टमध्ये शिरले.

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधून घंटा वाजू लागली. मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि एकेक पायरी करत सावकाश जिना उतरू लागला. घाई कसली? साहेब काही कुठे जाणार नव्हते.