धाकटी सून परत येते

शंभर वर्षांपूर्वीच्या एका घराण्यावरची ती मालिका लोकांनी डोक्यावर घेतली होती. नवऱ्याचा मार खाणारी धाकटी सून शेवटच्या भागात घर सोडून निघून जाते, तिथेच मालिका संपली होती. आता त्या सुनेच्या पुढच्या गोष्टीवर सिनेमा आला होता. तो मुलानेच लिहिला होता, म्हणून आई पहिल्याच खेळाला आली.

सिनेमात धाकटी सून परत आली आणि नवऱ्याचे पाय धरून रडली. थिएटरभर टाळ्या पडल्या. आई ताडकन उठून बाहेर आली. मुलगा तिच्या मागोमाग आला.

"आई, लोक बघ किती खूश आहेत. इतकी वर्षं त्यांना हाच शेवट हवा होता."

"ज्यांनी कधी मार खाल्ला नाही, ते खूश आहेत. परत का आणलंस तिला?"

"तो म्हातारा झालाय गं, एकटा पडलाय. माणूस बदलतो."

"बदलला तो, मग पाय तिने का धरायचे?"

मुलाने थिएटरच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा आलेत. मागच्या रांगेत बसलेत. मीच बोलावलंय."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही.

"तिची गोष्ट तुझ्या हातात होती, म्हणून ती परतली. माझी नाही," ती म्हणाली. "आणि ऐक. त्याचा मार मी कितीतरी वर्षं मुकाट सोसला. घर सोडलं, ते त्याने तुझ्यावर हात उचलला त्या दिवशी."