फुगवटा

अकरा वाजून दहा मिनिटांनी विनोदिनीने सोनुबाईच्या हातावर, कोपराच्या खाली, पेनिसिलिनचा थेंब कातडीत टोचला. भोवती निळ्या शाईचं कडं काढलं आणि वहीत वेळ लिहिली. १९७९ चा डिसेंबर, निपाणीतला एक दवाखाना. सोनुबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. पायाला खिळा लागून पू धरला होता.

ही चाचणी बावीस वर्षं कंपाउंडर कल्लाप्पा करत असे. टोचलेल्या जागी अंगठा फिरवून सांगे, हे औषध हिला सोसतं की नाही. विनोदिनी लॅबचा कोर्स करून बेळगावहून आली, त्याला आठ आठवडे झाले होते. ती फुगवटा पट्टीने मोजायची. कल्लाप्पाकडे गोळ्यांची खिडकी उरली होती.

"मावशी, दोन दिवसांत काही औषध घेतलंय?"

सोनुबाईने खिडकीकडे पाहिलं. "न्हाय बाई. कुठलं औषध!"

कल्लाप्पाचा हात थांबला. सकाळी नऊला त्यानेच तिला खाजेची गोळी दिली होती. धुरळ्याने अंगावर गांध्या उठल्या की वखारीतल्या बायका त्याच्याकडेच येत. चिठ्ठी नाही, नोंद नाही. डॉक्टरांना ते खपत नसे. सोनुबाई त्याला सांभाळून घेत होती.

ती गोळी पोटात असली की औषध सोसत नसलं तरी फुगवटा येत नाही. हे त्याला डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलं होतं. विनोदिनीला ते माहीत असणार, म्हणून तर तिने विचारलं.

तो खिडकीतून उठून बाहेर आला.

"अण्णा, तुमीच बघा की," सोनुबाई म्हणाली. "ही पट्टी लावतीया. झंपर शिवणार हाय का काय!"

कल्लाप्पा हसला. हात पुढे केला.

"हात नका लावू हं, अण्णा," विनोदिनी म्हणाली. "अंगठ्याला मिलिमीटर कळत नाहीत."

आतून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. कल्लाप्पाने हात मागे घेतला.

साडेअकराला तिने पट्टी लावली. फुगवटा नव्हता, लालीही नव्हती. डॉक्टर वही बघायला बाहेर आले.

"बघा कल्लाप्पा. काम असं पाहिजे. काय म्हणताय?"

सोनुबाई कल्लाप्पाकडे बघत होती.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "बाईंचं काम लई नेटकं."

अकरा चौतीसला विनोदिनीने इंजेक्शन दिलं. सोनुबाई पदर सारखा करून बाकावर बसली. डॉक्टर आत गेले.

अकरा छत्तीसला कल्लाप्पाने कपाट उघडलं, अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी फोडून सिरिंज भरली. औषध उलटलं तर जीव राखणारं तेवढंच एक. सिरिंज पाठीमागे धरून तो दारात येऊन उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं. तो विनोदिनीकडे बघत होता. ती मान खाली घालून पुढच्या पेशंटचं नाव लिहीत होती.

सोनुबाईने ओठ चोळले. मग गळा.

"अण्णा, जरा पाणी द्या की."

सिरिंज त्याच्या पाठीमागेच राहिली. अकरा चाळीसपर्यंत ती बोलत होती.