उतारावरची चाचणी

ऑनलाइन घेतलेला जुना मिनी ट्रॅक्टर मंदाकिनीने कसून तपासला. ऑइल, क्लच, टायर सगळं ठीक निघालं. शेवटी चालवून बघायला ती रोपवाटिकेच्या उतारावरून खाली निघाली.

अर्ध्यावर तिने ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला टेकलं आणि ट्रॅक्टर वेग घेऊ लागला. खाली तिचा नवरा दिगंबर पाठमोरा उभा राहून मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढत होता. आपल्यामागून येणारा ट्रॅक्टर त्यात दिसावा ही त्याची हौस.

"अहो, बाजूला व्हा! ब्रेक लागत नाहीये!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. इंजिनाच्या आवाजात त्याला एक शब्दही कळला नाही. "ये, ये, अजून जवळ ये!" म्हणत तो हसत हात हलवत राहिला.

मंदाकिनीने सगळी ताकद लावून स्टिअरिंग वळवलं. ट्रॅक्टर त्याच्या सदऱ्याला घासून शेणखताच्या ढिगात घुसला आणि बंद पडला.

दिगंबरने पांढऱ्याफटक चेहऱ्याने धावत येऊन तिचा हात धरला. "उतर आधी!"

"कशी उतरू?" तळाला गेलेलं पेडल अजून दाबून धरत ती म्हणाली. "पाय ब्रेकवरून निघतच नाहीये."