गारेचं माप

मी वेधशाळेत वादळाचे इशारे काढायचे आणि बाबा गावाहून फोनवर गारांची खबर द्यायचे. त्यांची प्रत्येक गार लिंबाएवढी. "लिंबं काय एका मापाची असतात? पट्टीने मोजा, वेळ लिहा आणि गार फ्रीजरमध्ये ठेवा," मी दरवेळी करवादायचे. त्या दुपारी रडारवर गावावरचा ढग गरगरताना दिसला. मी फोन लावला. "बाबा, ढगातून सोंड उतरलीय का बघा." "उतरलीय. जमिनीला टेकतेय. आणि गारा ना, लिंबाएवढ्या..." "गारा गेल्या उडत. तळघरात जा." चार वाजून दहा मिनिटांनी मी टोर्नेडोचा इशारा दिला. सगळं गाव तळघरांत शिरलं आणि वाचलं. बाबा स्वयंपाकघरात सापडले, आडव्या झालेल्या फ्रीजखाली. फ्रीजरमधल्या पिशवीत आता नुसतं पाणी होतं. पिशवीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: चार वाजून चौदा मिनिटं. बासष्ट मिलिमीटर. पट्टीने मोजली आहे.