आईच्या गाण्याखालची घूंऽऽ

आईची मागे उरलेली एकुलती एक रेकॉर्ड लावली की तिच्या आवाजाखाली जाडसर घूंऽऽ ऐकू यायची. मी अर्थिंगची वायर बदलली, स्पीकर कपाटावरून खाली उतरवले, रेकॉर्ड प्लेअरखाली रबर घातलं. घूंऽऽ होतीच.

"अरे, आज तरी तिला नीट ऐकू दे रे मला," आबा धापा टाकत म्हणाले. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते.

मी वैतागून पुन्हा वायरी उपसायला वाकलो. एकदम घूंऽऽ थांबली. आई स्वच्छ गाऊ लागली.

"आबा, जमलं!" म्हणत मी वळलो. पलंगाशेजारी दिवसरात्र थरथरणारं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. त्याचा प्लग आबांच्या मुठीत होता.

मी झेपावलो. त्यांनी दुसरा हात वर केला.

"थांब. तिचा अंतरा होऊ दे."